शेरा क्रमांक ७ आणि आमच्या २४ चिठ्ठ्या : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
मंत्रालय, मुंबई.

विषय : ग्रंथालयातील ‘आम्ही वाचलं, आम्ही ऐकलं’ हा घोडा (कर्मचाऱ्यांनी स्वतः वाचून-ऐकून, चिठ्ठीसह शिफारस केलेल्या पुस्तकांची आणि ध्वनिमुद्रिकांची मांडणी) मोडावा लागल्याबाबत.
संदर्भ : १) ग्रंथोत्सवाच्या व्यासपीठावरून आपण दिलेला शब्द. २) तपासणी अहवालातील शेरा क्रमांक ७.

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण कामात असता, म्हणून संदर्भ १ ची आठवण करून देतो. ग्रंथालयातल्या माणसाने नुसत्या किल्ल्या सांभाळू नयेत, स्वतः वाचावं आणि वाचकाच्या हातात पुस्तक ठेवावं, असं आपण म्हणाला होतात. असं करणाऱ्या ग्रंथालयांना वेगळा निधी देऊ, हेही आपलेच शब्द. निधी आला नाही. त्याचं वाईट वाटून घ्यायची सवय आम्ही केव्हाच सोडली आहे. पण निधीच्या जागी संदर्भ २ आला. तो जसाच्या तसा देतो : ‘दर्शनी घोड्यावरील ग्रंथ वर्गांकानुसार लावलेले नाहीत. ग्रंथांसमवेत अनधिकृत चिठ्ठ्या आढळल्या. एकच ग्रंथ एकाच वर्गणीदारास वारंवार दिल्याचे दिसते. तत्काळ दुरुस्ती करून अनुपालन सादर करावे.’ अनुपालन पोहोचेपर्यंत अनुदानाचा हप्ता थांबेल, हे लिहायची गरज नव्हती. ते आम्हाला न लिहिता कळतं.

शिफारशीवर बदल्या होतात, शिफारशीवर ठेके मिळतात, शिफारशीवर समित्या भरतात. या राज्यात अनधिकृत ठरली ती तेवढी पुस्तकाची शिफारस.

हे पत्र पुण्यातल्या देवघेव टेबलामागच्या लोकांचं आहे. इथे १८४८ सालापासून नगर वाचन मंदिर आहे, अप्पा बळवंत चौक आहे आणि पाट्या लावण्याची थोर परंपराही आहे. त्या शहरात पोस्टकार्डाएवढ्या कागदाने शासन हादरावं, याची आम्हाला गंमत वाटली असती. पण हप्ता अडकलाय.

आधी वर्गांकाचं बघू, म्हणजे विषयावरून पुस्तकाला मिळणाऱ्या आकड्याचं. ड्युई पद्धतीत मराठी कादंबरीचा वर्गांक ८९१.४६३. कवितेचा ८९१.४६१, नाटकाचा ८९१.४६२, विनोदाचा ८९१.४६७. म्हणजे खुनाचा तपास, शेतकऱ्याची परवड, पेशवाईतली प्रेमकथा आणि कारखान्यातला संप या सगळ्या कादंबऱ्या एकाच आकड्याखाली, लेखकाच्या आडनावाने ओळीत उभ्या. ज्याला लेखक माहीत आहे त्याला ही रचना सोन्यासारखी आहे. ज्याला माहीत नाही, तो त्या ओळीसमोर चार मिनिटं उभा राहतो आणि ओळखीचं नाव उचलून जातो किंवा रिकाम्या हाताने परततो. वर्गांक पुस्तक कुठे आहे ते सांगतो, ते कुणासाठी आहे ते सांगत नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं दुसरं सूत्र ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ आणि तिसरं ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’. दर १२ ऑगस्टला त्यांच्या तसबिरीला हार घालतात, त्यांनी हार घालताना चौथंही वाचावं : वाचकाचा वेळ वाचवा.

आता घोडा कसा लावतात ते सांगतो. शेरा लिहिणाऱ्याने विचारलं असतं तर त्यालाही सांगितलं असतं. लोखंडी घोड्याचा खण ३ फूट रुंद. डेमी आकाराचं पुस्तक साडेपाच इंच रुंद. तोंड बाहेर करून ठेवलं तर एका खणात ६ बसतात. कणा बाहेर ठेवून दाटीने लावली तर ४० ते ४५. म्हणजे तोंड दाखवायचं तर जागा सातपट जाते. म्हणून चारच खण, २४ पुस्तकं. बाकीची हजारो पुस्तकं वर्गांकानुसारच उभी आहेत, हे शेऱ्यात आलेलं नाही. उंचीही बघावी लागते. डोळ्यासमोरचा आणि कमरेजवळचा खण पुस्तकं खपवतो. पायाशी ठेवलेलं पुस्तक तिथेच राहतं, कारण सकाळी येणारा निम्मा वाचक गुडघ्याने त्रस्त आहे.

चिठ्ठी १४ बाय ९ सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्ड. चाळीस-पन्नास शब्द, त्यापेक्षा जास्त नाही. उभ्याने वाचायची असते. अक्षर सुवाच्य, शाई काळी किंवा निळी. ‘अप्रतिम’, ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’ हे शब्द बंद, कारण ते कुठल्याही पुस्तकाला लागतात. लिहायचं ते असं : गोष्ट पहिल्या पानापासून पळते की पन्नास पानं धीर धरावा लागतो. पानं किती, अक्षर बारीक की मोठं. साठीपुढच्या वाचकाला हा माहितीचा पहिला तुकडा हवा असतो आणि कुठलाही परीक्षणकार तो देत नाही. जाड पुठ्ठ्याचं सहाशे पानी पुस्तक आडवं पडून वाचता येत नाही, हातातून सुटून नाकावर येतं, तेही लिहायचं. कुणाला आवडणार नाही ही ओळ सक्तीची. ‘बोलीभाषा जड जाऊ शकते’, ‘आजारपण चाललेल्या घरात नेऊ नका’, ‘शेवट गोड नाही’. या एका ओळीवर वाचकाचा विश्वास बसतो, कारण दुकानदार ती कधी लिहीत नाही. खाली, हे आवडलं तर पुढे काय. शेवट फोडायचा नाही. मलपृष्ठावरून उतरवायचं नाही. इथला वाचक मलपृष्ठ आधीच वाचतो आणि चोरी तिथल्या तिथे पकडतो.

चिठ्ठी चिकटवत नाहीत, महोदय. शेऱ्यात ‘ग्रंथांसमवेत’ म्हटलंय, नशीब ‘ग्रंथांस चिकटवलेल्या’ म्हटलं नाही. चिकटपट्टीचा गोंद वर्षभरात पिवळा होतो, कागदात उतरतो, काढताना मुखपृष्ठाचा रंग घेऊन येतो. टाचणी आणि यू-पिन पावसाळ्यात गंजतात, पानावर तांबडा डाग कायमचा. खळ लावली तर कसर आलीच. म्हणून जाड कागद वरून एक इंच दुमडायचा, दुमड पुस्तकाखाली सरकवायची, उरलेला भाग खणाच्या कडेवरून खाली लोंबतो. खर्च शून्य. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू उत्तम चालते.

ही सगळी सोपी बाजू झाली. अवघड बाजू रिकामा खण ही आहे. शिफारस केलेलं पुस्तक संध्याकाळपर्यंत जातं, प्रत एकच असते, मुदत दहा दिवसांची. पुस्तक गेलं आणि चिठ्ठी लोंबत राहिली की दुकान बंद झाल्यासारखं दिसतं. म्हणून २४ जागांसाठी सत्तर-पंचाहत्तर पुस्तकांची यादी तयार ठेवावी लागते. एक गेलं की मागचं पुढे, चिठ्ठीसकट, त्याच तासाला. दर आठवड्याला निदान सहा चिठ्ठ्या नव्या, नाहीतर नेहमीचा वाचक घोड्याकडे बघणं सोडतो. तीन माणसं असली तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला दोन पुस्तकं. अडीचशे पानांचं पुस्तक तासाला चाळीस पानांच्या वेगाने सहा तास घेतं. दोन पुस्तकांचे बारा तास. ते टेबलावर बसून होत नाही, कारण टेबलावर देवघेव असते, वर्गणीची पावती असते, नव्या पुस्तकांची दाखल नोंद असते आणि ‘पेपर कुठाय’ असतं. ते घरी होतं, रात्री, स्वतःच्या विजेवर. कुठल्या रजिस्टरमध्ये याचा रकाना आहे, ते आपल्या खात्याने दाखवावं. आम्ही शोधला. फिनेलच्या बाटल्यांना नोंदवही आहे, वाचण्याला नाही.

आणि मोबदला? अनुदानातल्या ६० टक्के वाढीचा गाजावाजा झाला. त्या वाढीनंतर ‘ड’ म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या ग्रंथालयाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार झालं. महिन्याला ४ हजार. दिवसाला १३३ रुपये. त्यात ग्रंथपालाचं मानधन, त्यात पुस्तकं, त्यात नियतकालिकं, त्यात वीज आणि झाडू. १३३ रुपयांत या शहरात मिसळ खाऊन वर चहा घ्यायचा म्हटलं तरी आधी दरफलक बघावा लागतो. राज्यात अशी लहानमोठी अकरा-बारा हजार ग्रंथालयं आहेत. मोठ्यांचं बरं चाललंय असा समज असेल तर तोही काढून टाका. तिथे शून्यं जास्त आहेत, माणसंही जास्त आहेत, भागाकार तोच येतो. लोक विचारतात, ग्रंथपाल त्रासिक का असतो. तोही भागाकारच आहे.

‘एकच ग्रंथ एकाच वर्गणीदारास वारंवार’ हा आक्षेप मात्र फ्रेम करून लावावा असा आहे. तो ग्रंथ म्हणजे दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. १९५६ सालचं पुस्तक, मराठी महिन्यांप्रमाणे बारा लेख. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘एका बैठकीत वाचू नका, गोडी मरते. चालू महिन्याचा लेख वाचा, खिडकीबाहेर बघा, पुस्तक परत करा. पुढच्या महिन्यात पुन्हा न्या. झाडाफुलांची नावं अडली तर थांबू नका, पुढे चला. गोष्ट शोधणाऱ्यांसाठी नाही.’ लोकांनी तसं केलं. एक प्रत, बारा महिने, तीच माणसं पुन्हा पुन्हा. देवघेवीच्या नोंदीत ती संख्या वाढलेली दिसली आणि तपासणाऱ्याला त्यात घोटाळ्याचा वास आला! ज्या पुस्तकाची देवघेव वर्षानुवर्षं शून्य आहे त्याबद्दल एकही शेरा नाही. न वाचलेलं पुस्तक हिशेबाला स्वच्छ असतं.

चुका आमच्याही होतात, त्या लपवत नाही. सगळ्यात नेहमीची म्हणजे तीन कर्मचारी आणि तिघांची तीच दहा लाडकी पुस्तकं. ती सगळ्यांनी वाचलेली असतात, शिफारस फुकट जाते. म्हणून देवघेवीत पहिल्या वीसात असलेल्या पुस्तकाला चिठ्ठी नाही, असा नियम. दुसरी चूक प्रश्नाची. ‘तुम्हाला कुठला विषय आवडतो?’ असं विचारलं की माणूस मुलाखतीला बसल्यासारखा ‘इतिहास’ म्हणतो, आणि इतिहास वाचत नसतो. त्यापेक्षा ‘अलीकडे कुठलं अर्धवट टाकलंत?’ विचारावं. टाकलेल्या पुस्तकाबद्दल लोक खरं बोलतात : फार पात्रं होती, भाषा अवघड होती, पहिल्या पानावरच कुणी मेलं. त्यावरून पुढचं पुस्तक सापडतं. मुलांच्या बाबतीत ‘वय ८ ते १०’ लिहिलं की अकरा वर्षांचं पोर त्याला हात लावत नाही, आणि नऊ वर्षांचं पोर मुद्दाम मोठ्यांचं उचलतं. वय लिहू नये. ‘भुतं आहेत, पण वाईट नाहीत’ असं लिहावं.

परत आलेलं पुस्तकही बोलतं. पीएमपी बसच्या तिकिटाचा घडी घातलेला तुकडा पान ४२ वर अडकलेला असतो, कधी औषधाच्या पाकिटाची चांदी, कधी केसांची पिन. एका पुस्तकात दोन वेगवेगळ्या वाचकांच्या खुणा त्याच दहा पानांत सापडल्या, तर समजावं की तिथे चढ आहे आणि चिठ्ठीने तो आधी सांगितला नाही. पाचांतल्या तिघांनी अर्धं टाकलं तर चिठ्ठी चुकली, पुस्तक नव्हे. चिठ्ठी पुन्हा लिहायची. कुणी टाकलं ते मात्र कुठे लिहायचं नाही. ते वाचक आणि टेबल यांच्यातलं.

संगीताचा खण अहवालात ‘इतर साहित्य’ झालाय. या शहरात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो, आणि ग्रंथालयातल्या ध्वनिमुद्रिका ‘इतर साहित्य’! तर, ऐकण्याची शिफारस पुस्तकापेक्षा अवघड असते, कारण गाणं चाळून बघता येत नाही. नवख्याला आरंभीच चाळीस मिनिटांचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल दिला की तो दहाव्या मिनिटाला हेडफोन काढतो. त्यात त्याचा दोष नाही. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, जवळजवळ मिनिटभर चालतं. कान तयार नसेल तर सम (तालाची पहिली मात्रा) आली कधी आणि गेली कधी कळतच नाही. म्हणून सुरुवात तीन मिनिटांपासून. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची, आणि त्या काळच्या गवयांना अख्खा राग तेवढ्यात बसवावा लागे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांची तबकडी आधी, मग त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, मग खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर, मग सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. चार चिठ्ठ्यांत एक घराणं कानाखालून जातं. तीन मिनिटांवरून वीस मिनिटांच्या एलपीवर, आणि एलपीवरून मैफलीवर. विलंबिताच्या चिठ्ठीवर लिहायचं : ‘गाण्याकडे नको, पहिली पाच मिनिटं तबल्याकडे लक्ष द्या. पहिला धिं ओळखता आला की पुन्हा सुरुवातीपासून ऐका.’

कायद्याची भीती घालू नये. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे या जुन्या तबकड्या हेडफोनवर ऐकवायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. लागते ती देखभाल. तबकड्या उभ्या ठेवायच्या, थप्पी लावली की खालच्या तडकतात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावायचं नाही, लाख विरघळते आणि खाचा जातात. ओलसर मऊ फडकं, खाचेच्या दिशेने, पुरे. कॅसेट पावसाळ्यानंतर थेट वाजवायची नाही. आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवायची, नाहीतर चिकटलेली फीत यंत्र गिळतं. आतला मऊ तुकडा निखळला असेल तर आवाज दबका येतो. कॅसेट बिघडली म्हणून फेकून देतात, तो तुकडा दुसऱ्या कॅसेटमधला बसतो. हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. प्रशिक्षणात संगणकीकरणाची चित्रफीत दाखवतात आणि जेवण देतात.

वरून येणाऱ्या गठ्ठ्यांबद्दलही आताच बोलून घेतो, पुन्हा संधी मिळेल असं वाटत नाही. सुतळी सोडली की एकाच पुस्तकाच्या पाच प्रती निघतात. कुणी मागितल्या, कुणी वाचल्या, कुणी निवडल्या, कुणालाच ठाऊक नसतं. त्यांना दाखल क्रमांक द्यायचा, शिक्के मारायचे, जागा करायची, आणि दरवर्षी पडताळणीत त्या पाचही जागेवर आहेत असं लिहून द्यायचं. असतातच जागेवर. कुठे जाणार! आणि ज्या पुस्तकाला तीस जणांची नोंदणी आहे त्याची दुसरी प्रत घ्यायला पैसे नाहीत. म्हणजे शिफारस आपल्याकडेही होतेच, महोदय, फक्त ती चिठ्ठीवर नसते आणि करणाऱ्याने पुस्तक उघडलेलं असेलच असं नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली. आनंद आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, त्याची छायाचित्रं त्याच दिवशी पाठवायची असतात. वाचकांनी पुस्तक हातात धरून कॅमेऱ्याकडे बघायचं, पुस्तकाकडे नाही. २७ फेब्रुवारीला गौरव. भिलारला पुस्तकांचं गाव आहे, डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव आहे, तिथे गर्दी होते, तीही खरी आहे. पण महोत्सव संपल्यावर जानेवारीतल्या मंगळवारी दुपारी कुणी आत येऊन ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणतं, तेव्हा समोर एकच माणूस असतो. त्या माणसाने काय वाचलंय यावर ते ‘काहीतरी’ ठरतं. त्याला आपण वाचायला वेळ दिलेला नाही, पगार दिलेला नाही, आणि आता त्याची चिठ्ठीही काढून घेतलीत.

मागण्या लिहायच्या राहिल्या. शेरा क्रमांक ७ मागे घ्यावा. आठवड्याचे चार तास वाचनासाठी कामाचे म्हणून धरावेत. बारा मागत नाही, लाज वाटते. पुस्तकखरेदीतली काही रक्कम वाचकांच्या नोंदणीप्रमाणे दुसऱ्या प्रतीसाठी खर्चायची मुभा द्यावी. हेडफोनच्या दोन जोड्या आणि एक चालू कॅसेटयंत्र द्यावं. दिलेल्या शब्दाचं काय करायचं ते आपण ठरवा. त्याची नोंद आमच्याकडे आहे, दाखल क्रमांक दिलेला नाही.

कळावे,
पुण्यातले काही ग्रंथालय कर्मचारी

सोबत : अनुपालन अहवाल, तीन प्रतींत. एक दुमडलेली चिठ्ठी, १४ बाय ९ सेंटिमीटर.

ता. क. : चिठ्ठ्या फेकलेल्या नाहीत, बुटाच्या खोक्यात ठेवल्या आहेत. ‘ऋतुचक्र’ आता ८९१.४६ मध्ये, खालून दुसऱ्या खणात, कणा बाहेर करून नियमानुसार उभं आहे. श्रावण लागल्यावर ते मागायला आलेल्यांना आम्ही आपल्या कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक दिला. तो लागत नाही म्हणून ते परत आमच्याकडेच येतात.